भजनी मंडळासाठी फोन घेताना

मागच्या खेपेला आपण पावसाळ्यात पापड-कुरडयांचे डबे कसे सांभाळावेत ते पाहिलं. या वेळचा विषय स्वयंपाकघराबाहेरचा आहे, पण पैसा मात्र घरखर्चातूनच बाजूला काढलेला, म्हणून तो या सदरात घ्यायला हरकत नाही असं मला वाटलं.

झालं असं, की कामोठ्याच्या एका भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, "आमच्या महिला भजनी मंडळाला तानपुऱ्या-तबल्याच्या ॲपसाठी एक फोन नाहीतर टॅब घ्यायचा आहे. निम्म्या जणी म्हणतात अँड्रॉइड घ्या, निम्म्या म्हणतात घ्यायचाच तर ॲपलचा घ्या. वाद काही मिटत नाही. तुम्ही पेटी वाजवता, तेव्हा तुम्हीच सांगा."

पत्र वाचून मला हसू आलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं. कारण अगदी हाच वाद गेल्या वर्षी इथे पनवेलला आमच्या मंडळात झाला होता, आणि त्यात माझ्या हातून एक चूक घडली. ती चूकही आज सांगणार आहे. पण आधी फोनचं बघू.

आम्ही पंधरा जणी. दर गुरुवारी दुपारी चारला, म्हणजे माझी शाळा सुटली की, कुणाच्या तरी घरी जमतो. दरमहा प्रत्येकी ५० रुपये काढतो. दोन वर्षांत खजिनदार काकूंच्या डब्यात १८,००० रुपये जमले. एवढ्या पैशात काय घ्यायचं यावर तीन गुरुवार चर्चा झाली आणि भजन मात्र राहून गेलं!

माझ्या सासूबाई लग्नाआधी गाणं शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी तानपुरा म्हणजे मिरजेचा." खरंच आहे ते. मिरजेच्या कारागिरांची ही विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तेवढा मोठा भोपळा घेऊन रिक्षात बसायचं कसं, आणि दर वेळी तो सुरात लावायचा कुणी? ही अडचण गायक मंडळींना फार आधीपासून होती. बंगळूरचे जी. राज नारायण हे स्वतः अभियंते आणि बासरीवादक. त्यांनी १९७९ साली रॅडेल ही कंपनी काढून विजेवर चालणारी श्रुतिपेटी बाजारात आणली. मागाहून तसे तानपुरे आणि तबलेही निघाले. अशी एक पेटी आमच्या कपाटात अजून आहे, पण तिची बटणं आता दाद देत नाहीत. आणि आता तर पेटीही नको, सगळं फोनमध्येच आलं.

मग फोन कोणता? मैत्रिणींनो, आपण मिक्सर घ्यायला जातो तेव्हा आधी ठरवतो, की इडलीचं वाटण करायचं आहे की नुसती चटणी. फोनचंही तसंच आहे. मंडळात त्याच्याकडून कोणतं काम करून घ्यायचं ते आधी ठरवा. कामं मुख्यतः तीन प्रकारची असतात.

पहिलं काम नुसतं वाजत राहण्याचं. तानपुरा लावून ठेवला, की तो आपला गुणगुणत राहतो. दुसरं काम वहीचं, म्हणजे अभंगाचे शब्द डोळ्यांसमोर धरण्याचं. आणि तिसरं काम हुकूम ऐकण्याचं. तुम्ही काचेवर बोट ठेवलं, की त्याच क्षणी सूर निघाला पाहिजे. किंवा तुम्ही गायलात, की फोनने ते ऐकून लगेच साथ दिली पाहिजे. अँड्रॉइड आणि ॲपल यांच्यातला खरा फरक या तिसऱ्या कामात आहे. पहिल्या दोन कामांसाठी भांडायचं कारणच नाही.

हा फरक मला समजावून सांगितला आमच्याकडे कार्यक्रमाला स्पीकर लावायला येतो त्या मुलाने. त्याने सांगितलेलं तुम्हालाही सांगते. आपण बोट ठेवलं आणि आवाज आला, या दोहोंमध्ये फोनच्या पोटात बरीच उठाठेव चाललेली असते. त्यात थोडा वेळ जातो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे फोनने एका सेकंदाचा शंभरावा भाग उशीर केला, तर पेटीवाली आपल्यापासून साडेतीन मीटरवर बसल्यासारखं होतं. तेवढं मंचावर असतंच, कुणाला जाणवत नाही. पण दहावा भाग उशीर झाला, तर ते अंतर ३४ मीटर होतं! म्हणजे गाणारीण देवापुढे आणि पेटीवाली बाहेर चपला काढल्या आहेत तिथे. कसं जमायचं?

जुन्या अँड्रॉइड फोनांत एवढा किंवा याहून जास्त उशीर सर्रास होत असे. ॲपलच्या फोनात हा वेळ पहिल्यापासून कमी. २०१० साली आयपॅड आला, २०११ साली त्यावर ॲपलचं गॅरेजबँड हे वाद्यं वाजवण्याचं ॲप आलं, आणि वादक मंडळी तिकडे वळली. अँड्रॉइडला जाग यायला वेळ लागला. वाद्यं फोनला जोडण्याची सोय २०१५ साली आवृत्ती सहामध्ये आली, आणि आवाज झटपट बाहेर काढण्याची नवी व्यवस्था २०१७ साली आवृत्ती आठमध्ये. आज चांगल्या अँड्रॉइड फोनात हा उशीर पुष्कळच कमी झालेला आहे. पण गोम अशी, की तो कोणत्या फोनात किती, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

याचं कारण आपल्याला लगेच कळेल. ॲपलचा फोनही ॲपलचा आणि आतली व्यवस्थाही ॲपलचीच, शिवाय नमुने मोजके. एका कंपनीचा कुकर आणि त्याच कंपनीची रिंग, असा तो प्रकार. अँड्रॉइड अनेक कंपन्या आपापल्या फोनांत घालतात, स्वस्तातले आणि महागातले मिळून हजारो नमुने. रिंग एकच, पण कुकर शंभर तऱ्हांचे. एखाद्याची वाफ निसटणारच. ॲप बनवणाऱ्याला प्रत्येक फोनवर ते तपासून पाहणं शक्य नसतं. म्हणून संगीताची काही उत्तम ॲप ॲपलपुरतीच राहिली.

पुण्याचे संदीप रानडे यांचं 'नादसाधना' हे त्यातलं नाव घेण्यासारखं. रानडे हे पंडित जसराजांचे शिष्य आणि संगणकाचे अभियंते. त्यांचं ॲप तुमचं गाणं ऐकतं, सूर कुठे कमी-जास्त लागला ते दाखवतं आणि गाण्याबरोबर साथही करतं. २०२१ साली त्याला ॲपल कंपनीचा डिझाइन पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्या मराठी माणसाचं मला मोठं कौतुक वाटलं होतं. पण ते ॲपलच्या साधनांवरच चालतं. प्रसाद उपासनी यांचं 'आयतबलाप्रो' हेही तसंच. अनेक नामवंत गायक रियाजाला ते वापरतात. याउलट 'तानपुरा ड्रॉइड' अँड्रॉइडवर फुकट मिळतं, आणि 'आयशाला' दोन्हीकडे आहे.

आता तुम्हीच बघा. तुमची लेक शास्त्रीय गाणं मनापासून शिकत असेल, गांधर्वच्या परीक्षा देत असेल, आणि सूर तपासणारं ॲप तिला रोज वापरायचं असेल, तर ॲपलचा विचार जरूर करा. कुणी आयपॅडवर बोटांनी वाद्य वाजवून कार्यक्रम करणार असेल, तरीही ॲपलच बरं. पण भजनी मंडळाला नुसता तानपुरा हवा असेल, तर साधा अँड्रॉइड फोन ते काम चोख करतो. तानपुरा सुरू व्हायला पाव सेकंद उशीर झाला म्हणून कुणाचं काय बिघडतं? ॲपलच्या साध्यातल्या साध्या नव्या आयपॅडच्या पैशात दोन-तीन बेताचे अँड्रॉइड फोन येतात. उरलेले पैसे मंडळाच्या दुसऱ्या कामी येतील.

आणि आता माझी चूक.

आमच्या मंडळाला तबल्याची साथ करायला एक काका येतात. वय सत्तरीच्या आसपास. कार्यक्रमाला १,००० रुपये बिदागी, आणि रियाजाला कधीमधी फुकटच येऊन बसत. माझ्या डोक्यात आलं, की फोन घेतोच आहोत तर ठेकाही त्यातच लावू. वर्षाला आठ-दहा कार्यक्रम होतात, म्हणजे आठ-दहा हजार वाचतील आणि फोनची किंमत वसूल! हिशेब सगळ्यांना पटला. शाळेत गणित शिकवणारी मी नव्हे, पण त्या दिवशी मला माझ्या हिशेबाचा फार अभिमान वाटला होता. सासूबाई तेवढ्या गप्प होत्या.

नवरात्रात एका देवळात आमचं भजन होतं. काकांना निरोप दिला नाही. पहिले दोन अभंग छान झाले. तिसरा रंगला आणि शेवटी गजर सुरू झाला. गजरात लय चढते, हे काय तुम्हाला सांगायला हवं? बायका टाळ्या वाजवत पुढे निघाल्या, टाळही पुढे निघाले, आणि फोनमधला भजनी ठेका आपल्या आठ मात्रा त्याच चालीने मोजत राहिला. लय वाढवायचं बटण होतं, नाही असं नाही. पण माझा एक हात भात्यावर आणि दुसरा पट्ट्यांवर; तिसरा हात आणायचा कुठून? निम्म्या जणी फोनबरोबर, निम्म्या सासूबाईंच्या टाळांबरोबर. एवढ्यात फोन मोठ्याने किणकिणला. कार्यक्रमाआधी मी तो विमानातल्या मोडवर टाकला होता, कुणाचा फोन येऊ नये म्हणून. पण त्या मोडवर लावलेला गजर बंद होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी सातची सासूबाईंची गोळी! एक गजर आम्ही करत होतो आणि दुसरा स्पीकरमधून फोन करत होता.

लोक हसले. मी घाईघाईने फोन बंद केला, त्याबरोबर तानपुराही गेला. सगळं थांबणार इतक्यात मागून टाळी ऐकू आली. काका दर्शनाला आले होते आणि खांबाशी बसले होते. त्यांनी तिथूनच ताल धरला, बायका त्या टाळीवर आल्या आणि गजर पुरा झाला. प्रसाद घेताना ते माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता बोलतील. ते एवढंच म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी निरोप द्या. पैशांसाठी मी अडून बसायचा नाही."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पुढे आठवडाभराने बाजारात काकू भेटल्या. २०२० च्या लॉकडाउनमध्ये काकांच्या शिकवण्या बंद पडल्या, त्या पुरत्या परत सुरू झाल्याच नाहीत, हे त्यांच्याकडून कळलं. मुलांना घरबसल्या फोनवर ठेका मिळतो. शिवाय आमच्यासारखी आणखी दोन मंडळं ॲपवर गेली होती. मी वाचवलेले हजार रुपये कुणाच्या घरातून वाचवले होते, ते मला तेव्हा समजलं.

काका काही फोनचे वैरी नाहीत बरं का. ते स्वतः रोज सकाळी आपल्या जुन्या अँड्रॉइडवर लेहरा लावून रियाज करतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घरी लेहऱ्याला पेटीवाला कुठून आणू? हा आपला बरा." रियाजात यंत्र एकाच चालीने चालतं तेच हवं असतं, आपली लय कुठे पळते ते त्यावरून कळतं. भजनाला बसलं, की लय माणसांकडे बघून न्यावी लागते. कुणाचा श्वास पुरत नाही, कोण ओळ पुन्हा घेणार आहे, हे तबलजी गाणारीच्या चेहऱ्यावरून ओळखतो. फोनला ते जमत नाही, मग तो अँड्रॉइड असो की ॲपलचा.

शेवटी आम्ही असं ठरवलं. ११,५०० रुपयांचा एक अँड्रॉइड फोन घेतला. स्पीकरला जोडायची वायर आणि छोटा स्टँड मिळून ९०० रुपये झाले. उरलेले ५,६०० रुपये काकांच्या बिदागीसाठी वेगळे ठेवले. फोन तानपुरा वाजवतो, काका तबला वाजवतात. घरच्या सरावाला ज्यांना ठेका हवा असेल त्यांनी तो आपापल्या फोनवर लावावा.

आता कामोठ्याच्या भगिनीसाठी, आणि तुम्हा सर्वांसाठीच, आमच्या अनुभवातल्या काही सूचना.

१. मंडळाचा फोन मंडळाचाच ठेवा. त्यात कुणाचं सिमकार्ड नको, कुणाचा औषधाचा गजर तर मुळीच नको. कार्यक्रमाआधी विमानातला मोड लावा आणि सगळे गजर पुसले आहेत ना, ते दोघींनी तपासा.

२. विकत घ्यायचं ॲप मंडळाच्या नावाच्या वेगळ्या खात्यावर घ्या. आमच्या ओळखीच्या एका मंडळाने ते खजिनदारांच्या मुलीच्या खात्यावर घेतलं. ती लग्न होऊन गेली आणि ॲपही तिच्याबरोबर सासरी गेलं! अँड्रॉइडवर घेतलेलं ॲप पुढे ॲपलवर गेलात तर सहसा पुन्हा विकत घ्यावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

३. जुना आयपॅड स्वस्तात मिळतो म्हणून हुरळून जाऊ नका. फार जुन्या साधनांना नव्या सुधारणा मिळणं बंद होतं आणि नवी ॲप त्यावर उतरतच नाहीत. पैसे देण्याआधी हवं ते ॲप दुकानातच उतरवून, वाजवून बघा.

४. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली ॲप आपणहून बंद करतो. ऐन अभंगात तानपुरा गप्प झाला तर कारण बहुधा हेच असतं. सेटिंगमध्ये जाऊन तानपुऱ्याच्या ॲपपुरती ही बचत बंद करा. फोनवर शब्द वाचणार असाल तर पडदा लवकर काळा होऊ नये, तेही बघा.

५. स्पीकरला वायरनेच जोडा. ब्लूटूथने आवाज साधारण सेकंदाचा पाचवा भाग उशिरा पोचतो. तानपुऱ्याला ते चालेल, पण ठेक्याला चालणार नाही. शिवाय गर्दीत मधेच तुटण्याची भीती. हल्लीच्या पुष्कळ फोनांना, ॲपलच्याही, हेडफोनचं गोल भोक नसतं. त्यासाठी लहानशी जोडणी वेगळी घ्यावी लागते, ती आधीच घेऊन ठेवा.

६. फोन पूर्ण चार्ज करून न्या. चार्जर लावून वाजवला तर पुष्कळदा स्पीकरमधून घुंईऽऽ असा आवाज येतो. चार्जर काढला की तो जातो.

७. ही सूचना पेटीवाल्यांसाठी. जुन्या पेट्या कित्येकदा किंचित चढ्या किंवा उतरत्या असतात. ॲपवर काळी चार लावली आणि पेटीची काळी चार दाबली, तर दोन्हींत बारीक कुरबुर ऐकू येते. पेटी काही तिथल्या तिथे बदलता येत नाही, तेव्हा तानपुराच पेटीला जुळवा. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग ॲपमध्ये केलेले असतात, त्यांना सेंट म्हणतात. कुरबुर थांबेपर्यंत दोन-चार सेंट वर-खाली सरकवा आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा.

८. सर्वांत शेवटी, फोन बंद पडला तर काय, हे ठरवून ठेवा. आमच्याकडे आता सासूबाई षड्ज धरतात. त्यांना वयामुळे लांब ताना जमत नाहीत, पण सूर अजून पक्का आहे. तानपुरा गेला की त्या डोळे मिटून 'सा' लावतात आणि मी पेटीवर त्यांच्या मागून जाते.

गेल्या महिन्यात पुन्हा त्याच देवळात भजन झालं. गजर चांगलाच चढला. काका मान हलवून बायकांना आणखी पुढे या म्हणत होते आणि फोन बिचारा कोपऱ्यात मुकाट्याने काळी चार धरून होता. सातची गोळी सासूबाईंनी घरूनच घेऊन येण्याचं ठरवलं होतं. विसरल्या त्या, पण तेवढं चालायचंच.

तुमच्या मंडळात कोणता फोन आहे आणि तबल्याला कोण आहे, ते मला जरूर लिहा. पुढच्या खेपेला एका वाचक भगिनीने विचारल्याप्रमाणे नऊवारी पातळांची धुलाई आणि घडी याबद्दल लिहीन.